सतरा नंबरची खळ

सतरा नंबरची चादर सकाळच्या गाठोड्यातून निघाली तेव्हा तिच्यावर रक्त होतं. फार नव्हतं. नखाएवढा एक ठिपका, त्याच्याखाली दुसरा, मग तिसरा, एका ओळीत, आणि ती ओळ बरोबर तिथे होती जिथे दोन दिवसांपूर्वी मी इस्त्री दाबून घडी पाडली होती. रक्ताचं मला नवल नाही. या वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात मी एकतीस वर्षं आहे, चाळीस खाटांच्या चादरी रोज माझ्या हाताखालून जातात, आणि म्हाताऱ्या अंगातून जे जे बाहेर येतं ते सगळं मी पाहिलेलं आहे. चहा कुठला, औषध कुठलं, रडून पुसलेलं नाक कुठलं, मी लांबून सांगते. कोणाचं पोट बिघडलंय ते डॉक्टरच्या आधी मला कळतं. पण हा डाग वेगळा होता. रक्त तिचं होतं, डाग माझा होता. मी चादर पटकन उलटी करून बादलीत कोंबली, थंड पाणी सोडलं, मूठभर मीठ टाकलं, आणि मशीनपाशी उभ्या असलेल्या बुटकीला म्हटलं, "काय बघतेस? तुला आलेलं पत्र आहे का ते? उशांचे अभ्रे लाव." बुटकी माझ्या हाताखाली नऊ वर्षं आहे. माझी जीभ तिला पाठ झालेली आहे. ती हसून अभ्रे लावायला लागली, आणि मी बादलीत हात घालून उभी राहिले. पाणी गार होतं. पाण्यात चादर मऊ पडत होती, खळ सुटत होती, बोटांना बुळबुळीत लागत होती, जशी ती नेहमी लागते.

तेवढ्यात नर्सबाई खाली आली. ही नवीन, दोन महिनेच झालेत, माझी धास्ती अजून बसलेली नाही, जिना मोकळेपणाने उतरते. दारात उभी राहून म्हणाली, "आजी, सतरा नंबरच्या पाठीला बेडसोर होतोय. कातडी फाटली आज. त्यांची एक बाजू गेलेली, आपणहून कूस बदलता येत नाही, आणि अंगाखाली चादर बघावी तर पुठ्ठा! कोण घालतं हो तिला खळ?"

मी काही बोलायच्या आत बुटकी बोलली. "या आमच्या बाईच घालतात. सतरा नंबर सख्खी बहीण आहे ना त्यांची. मान आहे तो. वेदीच्या कापडाची खळ असते ना, तीच. आम्हाला हातसुद्धा लावू देत नाहीत."

नर्सबाईचा चेहरा एकदम उतरला, म्हणजे राग उतरला आणि तिथे काहीतरी ओलं आलं. "अगं बाई," ती म्हणाली. "मला माहीतच नव्हतं. आजी, वाईट वाटून घेऊ नका. प्रेमाने केलंत, पण त्या वयाची कातडी कांद्याच्या सालीसारखी असते. मऊ द्या. बाकी सगळ्यांना देता तशीच द्या." आणि माझ्या ओल्या दंडावर हात ठेवून ती वर गेली. एकतीस वर्षांत मला कोणी माझं काम शिकवायला आलं नव्हतं. कोणी आली असती तर मी तिला अशी पिटाळली असती की जिन्याची पायरी दिसली नसती. पण मी खाली मान घालून चादर चोळत राहिले. बुटकीलाही ते खटकलं असावं, कारण तिने मशीन चालू केलं आणि उगाच गुणगुणायला लागली.

मान. चार महिने सगळा आश्रम तेच समजत होता, आणि मी समजू देत होते. आमच्याकडे खळ दोनच ठिकाणी घालतात: चर्चच्या वेदीवरच्या कापडाला, आणि मोठे पाहुणे येणार असतील तर हॉलमधल्या लांब टेबलावरच्या कापडाला. अंगाखालच्या कपड्याला खळ घालायची नाही हे इथे पहिल्या दिवशी शिकवतात. मीच शिकवते. आणि मीच रोज सतरा नंबरची चादर घट्ट खळीत बुडवून, पिळून, दमट असतानाच तिच्यावर इस्त्री फिरवत होते, अशी की उभी धरली तर दारासारखी उभी राहावी. खाटा करणाऱ्या बायका वरखाली सांगत फिरायच्या, बघा, बहिणीचा किती मान ठेवतात बाई. एकदा पाळकसाहेबांनी प्रार्थना संपल्यावर माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, "बाई, तुमच्याकडून आम्ही शिकावं." मी म्हटलं, "शिका." खोटं बोलायला मला कधी फार शब्द लागले नाहीत. लोक आपणच आपली समजूत घालून घेतात, आपण फक्त मध्ये यायचं नसतं.

जुने पाळक असते तर हे झालं नसतं. आश्रम त्यांनी काढला, मला कामाला त्यांनी लावलं. त्यांची एक रीत होती. दर शनिवारी ते धुलाईघरात यायचे, चष्मा काढून डोळे मिटायचे, आणि धुतलेल्या चादरींच्या थप्पीतून चाचपडत एक ओढायचे. म्हणायचे, ही माझी. आठवडाभर तीच त्यांच्या खाटेवर. आम्ही बायका म्हणायचो, साहेब, तुमची वेगळी देतो ना धुऊन, हा काय खेळ. ते म्हणायचे, "माझी कोणती ते तुम्हाला आधी कळता कामा नये. म्हणजे तुम्ही सगळ्याच माझ्या समजून धुवाल." यावर ते मोठ्याने हसायचे, कारण त्यांना आपलेच विनोद फार आवडायचे. पण आम्ही तशाच धुतल्या, खरं सांगते. वेड्या म्हातारीची, चोऱ्या करून म्हातारा झालेल्याची, अंगावर थुंकणाऱ्याची, सगळ्यांची. शनिवारी कोणती निघेल कोणास ठाऊक. ते गेले त्याला बारा वर्षं झाली. मग नवे व्यवस्थापक आले, आणि म्हाताऱ्यांची भांडणं लागली की माझ्या खाटेवर त्याची चादर का, त्याचा वास येतो. म्हणून ठरलं की प्रत्येक खाटेला नंबर, प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यात तोच नंबर, लाल दोऱ्याने. चाळीसही आकडे मी घातले. आकडे मला सुबक येतात. अक्षरांचं तेवढं नाही. सतराचा सात घालताना मला काय माहीत, की उद्या कोण त्यावर झोपणार आहे.

अक्षरांचं असं, की मी तिसरीत असताना धाकटी झाली. आई दुसऱ्यांचे कपडे धुवायची, दिवसभर हात पाण्यात, तान्हं मूल कुठे ठेवणार, तर माझ्या कडेवर. शाळेतलं नाव गेलं. त्याचं मला वाईट वाटल्याचं आठवत नाही, शाळेत मला थंडी वाजायची एवढंच आठवतं. कडेवर ती उबदार होती. तिच्या लाळेने माझा खांदा कायम ओला असायचा आणि त्या ओल्या खांद्यावर वारा लागला की तिथेच थंडी वाजायची. ती सहा वर्षांची झाली तेव्हा आई म्हणाली, एकीने तरी शिकावं, आणि ही शिकली. चांगली शिकली. मास्तरीण झाली. मी तिचे गणवेश धुतले, इस्त्री केली, कॉलरला खळ घातली. हो, खळ घालायला मी तिच्या कॉलरवर शिकले. संध्याकाळी आम्ही दोघी मिळून वाळलेल्या चादरींच्या घड्या करायचो. चादरीची घडी एकटीने होत नाही, म्हणजे होते, पण नीट होत नाही. दोन टोकं ती धरायची, दोन मी, ताणायची, झटकायची, मग एकमेकींकडे चालत यायचं आणि तिच्या हातातली टोकं माझ्या हातात द्यायची. बोटांना बोटं लागायची. आणि पाचसहा चादरींनंतर एकदा, मी ताणायला जोर लावला की, ती टोकं सोडून द्यायची. मी धाडकन मागे आपटायचे. ती पोट धरून हसायची. मी तिला मारायला धावायचे, आई ओरडायची, मातीत पडली चादर! दर वेळी मला वाटायचं आता नाही सोडणार, आता ती मोठी झाली. दर वेळी सोडायची.

मग ते वाचन. ही गोष्ट लोकांना सांगितली की लोक म्हणतात, एवढंच? म्हणून मी सांगत नाही. चर्चच्या मंडळीचा वर्धापनदिन होता, आणि जुन्या पाळकांच्या मनात आलं की त्या वर्षी बायबलचं वाचन आश्रमातल्या कामकरी माणसांनी करावं. मला म्हणाले, बाई, तुम्ही. मी म्हटलं, साहेब, मला तिसरीपर्यंतचं येतं. ते म्हणाले, मग तिसरीसारखं वाचा, देवाची हरकत नाही. महिनाभर मी ते पान शिकले. मुलाने शिकवलं, दार लावून. सून तेव्हा नव्हती, नाहीतर तीही हसली असती. वाचन प्रीतीबद्दल होतं, आणि यात मुद्दाम लक्षात घेण्यासारखं काही नाही, आमच्याकडे अर्धी वाचनं त्याबद्दलच असतात: कोणालाही वगळू नका, वैऱ्यालाही नाही, जो तुम्हाला आवडतो त्याच्यावर प्रीती करण्यात काय मोठंसं. मी उभी राहिले. नऊ ओळी धड वाचल्या. दहाव्या ओळीत एक लांबलचक जोडाक्षरी शब्द होता, घरी तो मला दहा वेळा आला होता. तिथे मी थांबले. अडखळले नाही. थांबले. थांबणं आणि अडखळणं वेगळं असतं. थांबलेला माणूस पुढे जाणार असतो. आणि दुसऱ्या बाकावरून तिच्या बुटांचा आवाज आला. ती चालत आली, माझ्या हातातून पुस्तक घेतलं, हळूच घेतलं, हिसकावलं असतं तर मी कधीच विसरले असते, आणि त्याच शब्दापासून पुढे वाचायला लागली. नळाचं पाणी पडावं तसं. मी बाजूला उभी. पुस्तक गेल्यावर हातांचं काय करायचं ते मला कळेना. ते तसेच राहिले, काहीतरी धरल्यासारखे. संपल्यावर लोक म्हणाले, फार छान वाचलं हो दोघी बहिणींनी.

त्या दिवसापासून बावीस वर्षं मी तिच्याशी बोलले नाही. आईच्या दफनाला आम्ही खड्ड्याच्या दोन बाजूंना उभ्या होतो. चर्चमध्ये ती डावीकडे, मी उजवीकडे. घरात तिचं नाव काढायचं नाही, हे मी सुनेला ती उंबरा ओलांडून आली त्याच आठवड्यात सांगितलं. सून माझ्यासारखीच फटकळ आहे, म्हणून टिकली. म्हणाली, "आई, नाव नको तर नको, पण मग त्यांना म्हणायचं काय?" मी म्हटलं, काही म्हणायचं नाही. तर आमच्या घरात तिला 'काही नाही' म्हणायला लागले. नातही म्हणायची, "आज रस्त्यात काही नाही भेटली, तिने मला पेन्सिल दिली." मी ऐकलं नाही असं करायचे. मग या वर्षी तिची डावी बाजू गेली, लग्न केलेलं नव्हतं, बघणारं कोणी नाही, आणि एका सकाळी खाट नंबर सतरावर ती आली. माझ्या चादरीवर. मी वर गेले नाही. बायका म्हणाल्या, बाईंना बघवत नसेल. त्या दिवशी मी वेदीच्या कापडासाठी खळ केली होती आणि पातेल्यात थोडी उरली होती. ओतून द्यायला गेले, बाजूला सतरा नंबरची चादर ओली पडलेली दिसली. बस, एवढंच. मी ठरवलं नव्हतं. हात आपोआप गेला, जसा खाज सुटलेल्या जागी जातो. संध्याकाळी घरी जाताना मला हलकं वाटलं, बावीस वर्षांत वाटलं नव्हतं इतकं. आणि ते हलकं वाटणं दुसऱ्या दिवशी सकाळी संपलं होतं, म्हणून पुन्हा खळ केली. मग रोज. सुनेलाही कोणीतरी सांगितलं. जेवताना माझ्या ताटाकडे बघत म्हणाली, "आई, मान लोक डोक्यावर ठेवतात. पाठीखाली कोणी घालत नाही." मी म्हटलं, मीठ दे. तिने मीठ दिलं.

दर महिन्याला मला वाटायचं आता पुरे. मागच्या महिन्यात मला ताप आला, तीन दिवस घरी पडून होते, आणि पडल्या पडल्या हिशेब करत होते की बुटकी सतरा नंबरला साधी धुऊन पाठवत असेल. तिला मिळतंय सुख, मिळू दे तीन दिवस. परत आले तेव्हा बुटकी म्हणाली, "सतरा नंबर तुमची चौकशी करत होत्या. तीन दिवस तिन्ही वेळा. धुलाईवाली कुठे आहे म्हणून." मी म्हटलं, चौकशी कसली, तक्रार असेल, आता कळलं असेल तिला कोण काय करतं ते. आणि त्या दिवशी खळ आणखी घट्ट केली. तीच घडी, तीच रेघ. रेघ पाठीच्या मधोमध येते, ते मला चांगलं माहीत होतं. चादरी घालायला या बायकांना मीच शिकवलंय.

तर असा तो दिवस, आणि नेमका गुरुवार, म्हणजे अकरा वाजता पलीकडच्या हॉलमध्ये प्रार्थना. भिंत पातळ आहे. मशीन थांबलं की पाळकसाहेबांचं सगळं ऐकू येतं, चालू झालं की जातं, त्यामुळे धर्म मला नेहमी तुकड्यातुकड्यांनी मिळालेला आहे. मी बादलीपाशी स्टुलावर बसले होते, डाग चोळत होते. डाग गेला होता खरं तर. तरी चोळत होते. पलीकडून आलं, "...सगळ्यांवर म्हणजे..." मग मशीन. मग, "...एक जरी बाजूला ठेवला तर ते..." मग मशीन. मी बुटकीला ओरडून म्हटलं, बंद कर ते. तिने बंद केलं, आणि तोवर पलीकडे गाणं सुरू झालं होतं. आता सांगा. एक जरी बाजूला ठेवला तर ते काय? मला ते माहीत होतं, तरी त्या माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं. एकोणचाळीस चादरी मी मऊ धुते. वास येणाऱ्यांच्या, शिव्या देणाऱ्यांच्या. त्यात मला कधी काही जड गेलं नाही, आणि आता बादलीत हात घालून बसल्यावर वाटलं, जड गेलं नाही कारण त्यांतल्या एकानेही माझ्या हातातून काही घेतलेलं नव्हतं. मी ज्याला सगळ्यांवरची माया म्हणत आले ती नुसती सवय होती, चांगल्या धुलाईची. माया करावी लागेल अशी एकच खाट होती वर. आणि मग तो चष्मा काढलेला म्हातारा आला डोळ्यांसमोर, डोळे मिटून थप्पीत चाचपडणारा. या चार महिन्यांत आला असता आणि त्याच्या हाताला ही लागली असती तर? ही माझी, म्हणाला असता. आठवडाभर तिच्यावर झोपला असता. पुढच्या शनिवारी माझ्याकडे परत दिली असती, आणि तिच्यावर अशीच तीन ठिपक्यांची ओळ असती, आणि तो काही म्हणाला नसता, हसलासुद्धा नसता.

मी दमले होते. तुम्हाला वाटेल पश्चात्ताप झाला. होत असेल, मला त्याची ओळख नाही. मला एवढंच जाणवलं की बावीस वर्षं मी काहीतरी दोन्ही हातांनी धरून उभी आहे आणि हात भरून आलेत.

दुपारच्या विश्रांतीच्या वेळी वर कोणी नसतं. मी कपाटातून एक जुनी चादर काढली, शंभरदा धुतलेली, बिनखळीची, नंबरच्याही आधीची, आणि जिना चढले. गुडघे दुखतात, मध्ये दोनदा थांबले. खिडकीजवळची खाट. ती पाठीवर पडली होती, उजव्या हातात चष्मा, छातीवर पुस्तक पालथं. म्हातारी झाली होती. मला काय वाटलं होतं, कोण जाणे. माझ्या डोक्यात ती अजून बूट वाजवत येणारी होती. अंगाखालची चादर सकाळी बदललेली, म्हणजे माझीच, जोडीतली दुसरी, काल इस्त्री केलेली, पुठ्ठ्यासारखी.

"आलीस," ती म्हणाली. शब्द तोंडाच्या एका कोपऱ्यातून, जरा घसरत. "जिना मोजत होते मी. दोनदा थांबलीस."

"गुडघे आहेत माझे. तुझ्यासारखी पडून नाही राहत."

"जीभ तशीच आहे म्हणजे."

"तुझीही अर्धी शिल्लक आहे असं दिसतंय," मी म्हटलं. "कुशीवर हो. चादर बदलायची आहे."

"होता आलं असतं तर तुला कशाला बोलावलं असतं."

"तू नाही बोलावलंस."

"तीन दिवस बोलावत होते."

मी चादरीचे खोचलेले कोपरे सोडवले. माणूस खाटेवर असताना चादर बदलायची तर त्याला एका कुशीवर घ्यायचं, जुनी चादर गुंडाळत पाठीपर्यंत आणायची, नवी तिच्या मागोमाग पसरायची, मग माणसाला त्या गुंडाळीवरून पलीकडे वळवायचं. मी हे शेकडो बायकांना शिकवलं आहे. तिच्या खांद्याखाली हात घातला तेव्हा माझा हात थांबला. कडेवर होती तेव्हा वजन जास्त होतं. वळवली, आणि पाठ दिसली. तीन जागा, एका ओळीत, मलमपट्टी केलेल्या, आणि त्यांच्या वरखाली लालसर रेघ, जिथे अजून फाटलं नव्हतं. इस्त्रीची रेघ. कोणी मोजून आखावी तशी.

तिचं तोंड भिंतीकडे होतं. तसं असलं म्हणूनच मी बोलू शकले. "ती खळ मानाची नव्हती," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. माझ्या कॉलरी तू करायचीस ना. तुझी खळ मला मानेला ठाऊक आहे."

"मग बोलली का नाहीस? नर्सला सांगायचं, तिने खाली येऊन मला झापलं असतं."

"आणि तुला कळलं असतं की मला लागतंय. तेवढा आनंद तुला मी देणार होते का?" ती थांबली. अडखळली नाही, थांबली. मी वाट पाहिली. "आणि त्याचा आवाज येतो," ती भिंतीला म्हणाली. "सकाळी पसरतात तेव्हा. कडकड. मला वाटायचं, चला, बाई आज कामाला आली. मग ते तीन दिवस मऊ आली. मला वाटलं, गेली ही. कोणी सांगेना. तीन दिवस मऊ चादरीवर डोळा लागला नाही माझा."

खिडकीतून खालच्या रस्त्यावरचा आवाज येत होता, कोणीतरी लोखंडी शटर वर ढकलत होतं. मी तिला पलीकडे वळवलं, जुनी चादर ओढून काढली, मऊ चादर ताणून चारी कोपरे खोचले. घडीची रेघ पाठीखाली येणार नाही अशी सरकवली. कामात मी चुकले नाही. तिच्या छातीवरचं पुस्तक घसरून खाली पडलं होतं, ते उचलून तिच्या हाताशी ठेवलं. ती म्हणाली, "ठेव तिकडेच. पानाची डावी बाजू दिसत नाही मला. प्रत्येक ओळ मधूनच सुरू होते. अंदाजाने वाचते." मला आनंद व्हायला हवा होता. बावीस वर्षं मी याचीच वाट पाहिली असेन, असंच काहीतरी. आत चाचपून पाहिलं, नव्हता. सगळीकडे थकवाच होता, नुसता थकवा, आणि तिचा खांदा माझ्या तळहातावर अजून होता तसा.

"तू माझ्या हातातून पुस्तक घेतलंस," मी म्हटलं. मला म्हणायचं नव्हतं, निघून गेलं.

"तुझे हात थरथरत होते. मला वाटलं, पडेल."

"नव्हते थरथरत."

"थरथरत होते, ताई."

"मी थांबले होते फक्त."

"बरं," ती म्हणाली, आणि डोळे मिटून घेतले. "थांबली होतीस. मी घाई केली." एवढंच म्हणाली. आणखी काही म्हणाली असती तर मी भांडले असते. मग, डोळे न उघडता: "आता उद्यापासून कोणती चादर?"

"सगळ्यांना असते ती."

तिच्या तोंडाचा चालणारा कोपरा खाली गेला, आणि मला समजलं. मऊ चादर चाळीस जणांना येते. ती कोणाकडून येते ते चादरीवर लिहिलेलं नसतं. "मी स्वतः आणेन वर," मी म्हटलं. "गुडघे चालले तर. नाही चालले तर बुटकीला पाठवून देईन, ती फार बोलते, तुला बरं."

काढलेली चादर खुर्चीवर पडली होती, कडक, कोपरे वर करून. तशीच खाली न्यायची तर जिन्यात पायात आली असती. घडी करायला पाहिजे होती. मी चादरीची दोन टोकं एकत्र करून धाकटीच्या उजव्या हातात दिली. "धर," मी म्हटलं, "घट्ट धर, एकटीने होत नाही ही." तिने मूठ आवळली. मी माझी टोकं घेऊन खाटेच्या पायथ्याशी गेले, खुर्चीला पाठ करून उभी राहिले, आणि खळ फुटावी म्हणून चादर झटकून ताणली, अंगातला होता नव्हता तो जोर लावून.

तिने सोडून दिली.

मी धाडकन मागे खुर्चीवर बसले, चादर माझ्या तोंडावर. चादरीखाली क्षणभर काळोख, आणि तोच वास, शिजवलेल्या खळीचा, ओल्या कॉलरीचा. बाहेर एक चमत्कारिक आवाज येत होता, घोगरा, तुटक तुटक. मला वाटलं, तिला काहीतरी झालं, नर्सला हाक मारावी. चादर बाजूला केली तर ती हसत होती. अर्ध्या तोंडाने. उजवा डोळा पाण्याने भरलेला आणि मूठ अजून उघडी, हवेत.

"बाई, साठी उलटली तुझी," मी म्हटलं. "कधी सुधारशील."

ती हसतच होती. मी खुर्चीचा हात धरून उठले. कमरेत कळ आली. चादरीची टोकं जमिनीवरून गोळा केली, त्यांतली दोन पुन्हा तिच्या हातात दिली, आणि तिची बोटं माझ्या हाताने त्यांच्यावर मिटवली. मग माझी टोकं घेऊन मागे सरकले. ती पुन्हा सोडणार, ते मला माहीत होतं. मी चादर ताणली.